वेबसाइटवरचे फोटो: जेपेग, वेबपी की एव्हिफ? आणि क्वालिटी किती ठेवायची?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. मी पक्ष्यांचे आणि निसर्गाचे फोटो काढते आणि माझ्या स्वतःच्या साइटवर टाकते. आता फोटो बरेच साठलेत आणि मोबाइलवर गॅलरीचं पान उघडायला इतका वेळ लागतो की बघणारा कंटाळून निघून जात असणार. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉमधून (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) जेपेग क्वालिटी १०० ने एक्स्पोर्ट करते, एकेक फाइल १० ते १५ एमबी होते. कोणी म्हणतं वेबपी या नव्या फॉरमॅटमध्ये कर, कोणी म्हणतं त्याहून नव्या एव्हिफमध्ये कर, कोणी म्हणतं जेपेगच बरं. माझी अट एकच, पिसांचे बारकावे जाता कामा नयेत, ते गेले तर फोटो टाकण्यात अर्थच नाही.
तर फॉरमॅट कोणता, क्वालिटीचा आकडा किती, आणि आधीच्या जेपेग फाइली तशाच वेबपीत बदलून घेतल्या तर चालतील का?

चकमक
जेपेग, ८०, लांब बाजू २०००. विषय संपला. :)

कवडसा
@चकमक, विषय एवढ्यात नाही संपत, पण तुम्ही लांब बाजूचा उल्लेख केलात ते फार बरं केलंत.

रानपाखरू, फॉरमॅटचं नंतर बघू. तुमच्या साइटवर फोटो किती पिक्सेल रुंद दिसतो? मूळ फोटो ६००० बाय ४००० चा असणार. रकाना समजा १००० पिक्सेलचा असेल तर ब्राउझर २ कोटी ४० लाख पिक्सेल ओढून आणतो, उलगडतो आणि त्यातले बहुतेक टाकून देतो. आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, फाइल कितीही दाबून लहान केली तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतातच, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा एक फोटो मेमरीत ९६ एमबी. मग तो जेपेग असो नाहीतर एव्हिफ. पानावर असे दहा-वीस असले की फोन रडायला लागतो त्यात नवल काय. तोच फोटो १६०० रुंद केला की मेमरीत ७ एमबीच्या आत येतो. मोजमाप तेच ठेवून नुसता फॉरमॅट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रानपाखरू
रकाना ८०० चा आहे, आणि फोटोवर क्लिक केलं की पूर्ण स्क्रीनभर उघडतो. मग ८०० ची फाइल केली की झालं का?

कवडसा
नाही, ८०० वर थांबू नका. हल्लीच्या फोनांमध्ये पानाचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचे २ किंवा ३ पिक्सेल असतात. ८०० च्या रकान्याला १६०० ची फाइल दिली की चांगल्या स्क्रीनवरही पिसं कडक दिसतात. ३ पट देण्याची मात्र गरज नाही, एवढ्या बारीक स्क्रीनवर २ आणि ३ मधला फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही. ८००, १६०० आणि पूर्ण स्क्रीनसाठी २४०० अशा तीन फाइली करा आणि इमेज टॅगमधलं सोर्ससेट (srcset) वापरून तिन्ही ब्राउझरला सांगा, कोणती घ्यायची ते त्याचं तो ठरवतो. सोबत साइझेसमध्ये (sizes) रकान्याची रुंदी पण लिहा, नाहीतर ब्राउझर फोटो स्क्रीनभर आहे असं धरून मोठीच फाइल उचलतो.

वेगवान
मोजमापाचं शंभर टक्के मान्य. पण अजून जेपेग? अहो ते स्टँडर्ड १९९२ चं आहे! एव्हिफ क्रोममध्ये ऑगस्ट २०२० पासून चालतं, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०२१ पासून, सफारीत आयओएस १६ बरोबर २०२२ ला आलं, आणि मागे राहिलेल्या एजनेही जानेवारी २०२४ मध्ये घेतलं. मी सगळी साइट एव्हिफवर नेलीय, डोळ्याला तेवढंच चांगलं दिसताना फाइल जेपेगच्या निम्मी, काही फोटोंना त्याहून कमी. धुकं, आकाश, पाणी असे फोटो तर बघाच, जेपेगमध्ये जिथे पट्टे पडतात तिथे एव्हिफ एकदम गुळगुळीत. शिवाय १० बिट (रंगांच्या जास्त छटा), एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला), पारदर्शकता सगळं त्यात आहे आणि रॉयल्टीची भानगड नाही. रानपाखरू, सरळ एव्हिफ करून टाका.

जुनाखोड
वेगवान, ते गुळगुळीतच तर नको आहे ना त्यांना. त्यांनी अट काय घातलीय, पिसं.

एव्हिफ हे एव्ही१ या व्हिडिओच्या कोडेकमधून (दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीतून) आलंय आणि वेबपी व्हीपी८ मधून. व्हिडिओत एक फ्रेम डोळ्यासमोर क्षणभर असते, त्यामुळे या कोडेकांचा कल बारीक पोत पुसून कडा स्वच्छ ठेवण्याकडे असतो. फाइल जास्त दाबली की जेपेग उघड उघड खराब दिसतो, चौकोन दिसतात, कडांभोवती डासांसारखे ठिपके येतात, म्हणजे आपल्याला लगेच कळतं की अति झालं. एव्हिफ दाबलं तर फोटो सुंदरच दिसतो, फक्त पक्ष्याच्या छातीवरच्या बारीक रेघा गेलेल्या असतात, आणि मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय त्या गेल्याचं कळतही नाही. पिसं, केस, गवत, वाळू, झाडाची साल, या सगळ्यांना हेच होतं. ते टिकवायला एव्हिफची क्वालिटी वाढवावी लागते आणि मग निम्म्या फाइलचा फायदा आक्रसतो. उरतो थोडा, नाही असं नाही.

दुसरं, एव्हिफ बनवायला वेळ फार लागतो. पाच-पन्नास फोटोंना काही नाही, पण सगळा साठा नव्याने काढायचा तर मशीन रात्रभर लावून ठेवायची तयारी हवी. तिसरं म्हणजे प्रोग्रेसिव्ह जेपेग आधी धूसर पूर्ण चित्र दाखवतो आणि मग साफ होत जातो, मंद नेटवर बघणाऱ्याला काहीतरी लगेच दिसतं. एव्हिफमध्ये व्यवहारात तसं होत नाही, फाइल पूर्ण आली की एकदम चित्र.

वेगवान
फाइलच निम्मी असेल तर पूर्ण यायला वेळ पण निम्माच ना? आणि स्पीडची सेटिंग असते, ती ६ वर ठेवली तर एवढा काही वेळ लागत नाही. बारीक पोताचं म्हणाल तर तुम्ही म्हणता ते कमी क्वालिटीला खरं आहे, पण मी तेवढं दाबतच नाही. पिसांचे फोटो तुम्ही स्वतः करून बघितलेत का हल्ली? सुरुवातीच्या एन्कोडरांपेक्षा (फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमांपेक्षा) आताचे बरेच सुधारलेत.

जुनाखोड
केलेत, म्हणूनच सांगतोय. घुबड आणि पाणकावळा दोन्ही करून बघा. पाणकावळ्याला एव्हिफ झकास, घुबडाला हात राखून.

बारकावा
दोघांच्या मध्ये पडतो, कारण मूळ धाग्यातला "क्वालिटी किती" हा प्रश्न बाजूलाच राहतोय आणि त्यातच खरी गोम आहे.

क्वालिटी ८० म्हणजे ८० टक्के असा अर्थ अजिबात नाही. जेपेगच्या स्टँडर्डमध्ये १ ते १०० असा क्वालिटीचा आकडाच नाही. तिथे काय होतं ते थोडक्यात सांगतो. चित्र आधी उजेड आणि रंग असं वेगळं केलं जातं, मग ८ बाय ८ च्या चौकोनांत कापलं जातं, प्रत्येक चौकोनाचं गणिताने लहरींमध्ये रूपांतर होतं, म्हणजे संथ बदल किती आणि झपाट्याने होणारा बदल किती. मग त्या प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या संख्येने भागून पूर्णांकात आणतात. माहिती जाते ती मुख्यतः या भागाकारात. तक्त्यातली संख्या मोठी असेल तर बारीक लहरी शून्य होतात आणि शून्यं फार छान दाबली जातात. क्वालिटीचा आकडा हा फक्त त्या तक्त्याला लहानमोठा करणारा खटका आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने तो आपापल्या पद्धतीने बसवलाय. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेव्हमध्ये तर तो ० ते १२ आहे. त्यामुळे एकातलं ८० आणि दुसऱ्यातलं ८० यांची तुलना करू नका, आणि जेपेगचं ८० आणि एव्हिफचं ८० यांची तर नकोच नको.

आणि १०० ने सेव्ह केलं म्हणजे काहीच जात नाही असंही नाही, तक्त्यात सगळीकडे १ असला तरी आकडे पूर्णांकात आणताना थोडं जातंच. ९५ पासून १०० पर्यंत फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही. वेबसाठी १०० कधीच वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चकमक
म्हणजे माझं ८० बरोबर की चूक? :)

बारकावा
तुमच्या सॉफ्टवेअरला आणि तुमच्या फोटोंना बरोबर. :) रानपाखरू, तुम्ही असं करा, सगळ्यात अवघड तीन-चार फोटो निवडा. एक बारीक पिसांचा, एक मोकळ्या आकाशाचा, एक अंधारातला नॉइजवाला (दाणेदार) आणि एक भडक लाल रंगाचा. ते १६०० ला आणा, मग ९० पासून खाली येत जा. जिथे मूळ फोटोशी अदलाबदल करून बघताना फरक दिसायला लागेल तिथून एक पायरी वर थांबा. ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश नावाचं मोफत साधन आहे, मधली दांडी डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही बाजू शेजारी बघता येतात, फाइल किती झाली तेही दिसतं. आणि बघताना १००% झूमवरच बघा. ४०० टक्क्यांवर सगळंच वाईट दिसतं आणि तसं कोणी बघत नाही.

मोरपीस
भडक लाल का निवडायचा?

बारकावा
चांगला प्रश्न. आपला डोळा उजेडाचे बारकावे टिपतो पण रंगाचे बारकावे तेवढे टिपत नाही, म्हणून बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्याच बारकाईने साठवतात, ज्याला ४:२:० म्हणतात. ४ पिक्सेलांना रंगाची एकच जोडी. साध्या फोटोत ते कळत नाही. पण लाल चोच काळ्या डोक्याला टेकते तिथे कड पसरल्यासारखी दिसते. जेपेगमध्ये ४:४:४, म्हणजे रंगही पूर्ण बारकाईने, निवडून हे टाळता येतं, इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर तर ९० आणि त्यापुढे आपोआपच ४:४:४ करतं. एव्हिफमध्येही ४:४:४ मिळतं. वेबपीच्या लॉसी (काही माहिती गमावून दाबणाऱ्या) प्रकारात मात्र ४:२:० शिवाय पर्यायच नाही. त्यामुळे सूर्यपक्षी, खंड्या, शिंजीर असे रंगीत पक्षी असतील तर मी वेबपीला शेवटचा नंबर देईन.

मोरपीस
सूर्यपक्षी आणि शिंजीर एकच ना? अवांतर आहे पण राहवलं नाही.

रानपाखरू
शिंजीर हे सूर्यपक्ष्याचंच नाव, बरोबर. आणि जांभळ्या शिंजिराच्या गळ्याच्या चमकेवरच माझं घोडं अडतं, त्यामुळे ही ४:४:४ ची माहिती फारच कामाची. धन्यवाद.

टिपकागद
कोणीच पीएनजीचं नाव घेतलं नाही? मी सगळं पीएनजीत ठेवतो, काही म्हणजे काही हरवत नाही.

जुनाखोड
टिपकागदराव, स्क्रीनशॉट, लोगो, आकृत्या, अक्षरं असलेलं चित्र, यांना पीएनजीच. पण फोटोला नको. पीएनजी शेजारच्या पिक्सेलावरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि उरलेला फरक झिपसारखा दाबतं, आणि कॅमेऱ्याच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलाला थोडा नॉइज असल्यामुळे अंदाज सतत चुकतो, फाइल जेपेगच्या कितीतरी पट होते. ते जन्मालाच आलं जिफच्या जागी. जिफ १९८७ चं, २५६ रंगांचं, त्यातल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिसचं पेटंट निघालं, मग लोकांनी मिळून पेटंटमुक्त पीएनजी बनवलं आणि १९९६ मध्ये ते डब्ल्यू३सी या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलं. फोटोंसाठी ते नव्हतंच.

टिपकागद
पटलं. पण मूळ म्हणून साठवायला?

जुनाखोड
मूळ म्हणून रॉ आहेच की. आणि रॉ नसेल तर कॅमेऱ्यातला जेपेग जसा आला तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही.

मोरपीस
माझा वेगळाच त्रास आहे. माझ्याकडे रंग मस्त दिसतात, साइटवर टाकले की फिके पडतात. हे कॉम्प्रेशनमुळे होतं का?

कवडसा
बहुतेक नाही. तुम्ही अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये एक्स्पोर्ट करताय आणि साइटचं सॉफ्टवेअर छोट्या आवृत्त्या बनवताना रंगाचं प्रोफाइल (फाइलमधले आकडे कोणत्या रंगांचे ते सांगणारी नोंद) काढून टाकत असणार. प्रोफाइल गेलं की ब्राउझर आकडे एसआरजीबीचे (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचे) समजून दाखवतो आणि रंग उतरतात. एक्स्पोर्ट करतानाच एसआरजीबीत बदला, मग प्रोफाइल गेलं तरी बिघडत नाही. डिस्प्ले पी३ हा जास्त रुंद रंगपट्टा वापरायचा असेल तर प्रोफाइल शेवटपर्यंत टिकतंय ना ते तपासा.

रानवाटा
प्रोफाइलवरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे म्हणून मुद्दाम लिहितो. फोटोबरोबर एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी) जाते, आणि फोनने काढला असेल किंवा कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. दुर्मिळ पक्ष्याचं घरटं, घुबडाची ढोली, असे फोटो जागेसकट टाकले तर त्या जागी कोण पोचेल सांगता येत नाही. पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलंच पाहिजे. एक्स्पोर्टच्या खिडकीत जागेची माहिती काढून टाका असा पर्याय असतो, नाहीतर एक्झिफटूल हे साधन आहे. पण सरसकट सगळं पुसू नका, कॉपीराइट आणि नावाची नोंद राहू द्या.

वेगवान
+१. आणि सगळं पुसलं की उभे फोटो आडवे होतात तेही, कारण बरेच कॅमेरे पिक्सेल फिरवतच नाहीत, नुसती "फिरवून दाखवा" अशी नोंद एक्झिफमध्ये टाकतात. आधी पिक्सेल खरे फिरवा, मग पुसा.

रानपाखरू
@रानवाटा, मनापासून आभार. जागेची माहिती मी नेहमीच काढते, पण धाग्यावर हे आलं ते फार बरं झालं.
तिसऱ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का? सुरुवातीच्या काही फोटोंचे रॉ माझ्याकडे आता नाहीत, जेपेगच आहेत.

बारकावा
तुमचे जेपेग पूर्ण आकाराचे आणि क्वालिटी १०० चे आहेत, म्हणजे त्यांना मूळच समजा. त्यातून १६०० चं वेबपी किंवा एव्हिफ काढायला काहीच हरकत नाही, लहान करताना जुने दोष बरेचसे विरून जातात. नडतं कुठे, तर आधीच लहान करून ७०-७५ ने दाबलेला जेपेग पुन्हा वेबपीत टाकला तर. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. नवा कोडेक जुन्या जेपेगचे डाग पण इमानेइतबारे जपायला जातो आणि त्यात जागा घालवतो. अशा फाइली जेपेगच राहू द्या, आणि जेपेगट्रान या साधनाने काहीही न गमावता प्रोग्रेसिव्ह करून घ्या, थोड्या लहानही होतात.

कवडसा
इथे जेपेग एक्सएल या आणखी एका नव्या फॉरमॅटची आठवण येते आणि जीव हळहळतो. जुना जेपेग त्यात एकही बिट न गमावता साधारण २० टक्के लहान होतो आणि हवा तेव्हा जसाच्या तसा परत मिळतो. बारीक पोत छान राखतो, प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे जुनाखोड यांचे बहुतेक आक्षेप तिथेच मिटले असते. पण क्रोमने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाठिंबा काढायचं जाहीर केलं आणि ११० व्या आवृत्तीत काढला. सफारीने मात्र २०२३ मध्ये १७ व्या आवृत्तीत घेतला. मला आजही वाटतं की फोटोग्राफरांसाठी सगळ्यात चांगला फॉरमॅट तोच होता, आणि आहे.

वेगवान
हे मान्य. यावर आपलं भांडण नाही.

चकमक
धाग्यावर एकमत झालं, नोंद घ्या!

टिपकागद
एक बघणाऱ्याच्या बाजूने सांगू? कोणी फोटो सेव्ह करून घेतला आणि तो वेबपी किंवा एव्हिफ निघाला की अजूनही काही जुन्या प्रोग्रॅमांत उघडत नाही. छपाईला, स्पर्धेला, मासिकाला फोटो मागतात तेव्हाही जेपेगच लागतो. त्यामुळे जेपेग पूर्ण सोडू नका.

कवडसा
बरोबर, आणि सोडायची गरजही नाही. पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हिफ आणि शेवटी नेहमीचा जेपेग असं लिहायचं. ज्याला एव्हिफ कळतं तो ते घेतो, बाकीचे जेपेग घेतात. वेबपी मध्ये घालायचं तर घाला, पण एव्हिफ आणि जेपेग दोन्ही असताना मी तिसरी फाइल सांभाळत बसत नाही.

रानपाखरू
तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं करून बघितलं, म्हणून परत लिहितेय. अवघड फोटो निवडून १६०० ला आणले आणि लहान केल्यावर थोडं शार्पनिंग दिलं. जेपेग मोझजेपेग या एन्कोडरने, क्वालिटी ८२, ४:४:४. पिसांच्या फोटोला साधारण ५०० केबी होतात आणि मूळ फोटोशी अदलाबदल करून बघितलं तर मला फरक सापडत नाही. एव्हिफला घुबडाच्या बाबतीत जुनाखोड यांचं म्हणणं पटलं, आकडा बराच वर न्यावा लागला, तरी फाइल जेपेगपेक्षा लहानच राहिली. आकाश आणि पाण्याच्या फोटोंना मात्र वेगवान यांचंच खरं, कुठे पट्टे नाहीत आणि फाइल एवढीशी. तर आता पिसांचे जवळून काढलेले फोटो फक्त जेपेग, मोकळ्या पार्श्वभूमीचे एव्हिफ आणि सोबत जेपेग, असं ठरवतेय. गॅलरी आत्ताच बरीच हलकी झालीय.

एक शेवटचं, पान उघडताना मजकूर वरखाली उड्या मारतो, त्याचं काय करू?

जुनाखोड
वा! असं स्वतः बघून ठरवलंत ते फार आवडलं. मोझजेपेग ४:४:४ ने वापरताय तर जेपगली हा एन्कोडर पण एकदा बघा, गूगलने २०२४ मध्ये आणलं, फाइल साधा जेपेगच असते पण तेवढ्याच दिसण्याला आणखी लहान. तुमच्या गळ्याच्या चमकेला उपयोग होईल.

कवडसा
उड्यांचं सोपं आहे. प्रत्येक इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये लिहा, सीएसएसमध्ये उंची ऑटो ठेवा, फोटो यायच्या आधीच ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. आणि खालच्या फोटोंना लोडिंगमध्ये लेझी लावा म्हणजे स्क्रोल करत जवळ आल्यावरच उतरतील.

वेगवान
फक्त सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लावू नका, तो उलट उशिरा यायला लागतो. त्याला फेचप्रायॉरिटी हाय द्या.